कुत्र्याच्या खाद्याचं पाकीट मागच्या बाजूने वाचा

प्रश्न असा आहे: घरी पाच महिन्यांची लॅब्राडोर आहे, वजन १६ किलो. सोबत चार वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री आहे; तिचं वजनही १६ किलोच. दोघींना एकाच पाकिटातल्या गोळ्या देतो, वर दूध-पोळी. पिलाला कॅल्शियमचं सिरपही चालू आहे. दुकानदार एक ब्रँड सांगतो, शेजारी दुसरा, आणि कुणी म्हणतं की धान्य नसलेलंच खाद्य घ्या. नक्की काय बघून घ्यायचं?

दोघींचं वजन सारखं निघालं हे सोयीचं झालं. काट्यावर आकडा एकच असला तरी या दोघींचं खाद्य एक असू शकत नाही. लॅब अजून हाडं बांधते आहे. गावठीचं शरीर केव्हाच बनून झालंय, शिवाय नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराचा खर्च घटतो. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला ब्रँड कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. पाकीट उलटं करायचं आणि तीन गोष्टी शोधायच्या: हे कोणासाठी बनवलंय, १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती, आणि पिलाच्या बाबतीत कॅल्शियम किती. पुढच्या बाजूला असतो तो गाजराचा, सामनच्या तुकड्याचा आणि धावणाऱ्या लांडग्याचा फोटो. तो बघून काहीच ठरवता येत नाही.

आधी पहिली गोष्ट. मागे बारीक अक्षरात ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं हवं आणि त्याच वाक्यात ते कोणत्या वयासाठी आहे हेही हवं: ‘ग्रोथ’, ‘अ‍ॅडल्ट मेंटेनन्स’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’. त्याऐवजी ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘ट्रीट’ असे शब्द असतील तर तो खाऊ आहे, जेवण नाही. ग्रेव्हीच्या पाउचमध्ये ही गफलत फार होते. काही पाउच पूर्ण आहार असतात, काही नुसते वरून घालायचे, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर शेजारी लटकलेले असतात.

या वाक्यात बहुधा अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेचं नाव येतं, किंवा युरोपातल्या फेडियाफचं. आफ्को पोषकतत्त्वांचे किमान-कमाल आकडे ठरवते. खाद्य तपासत नाही आणि कुणाला मान्यताही देत नाही. त्यामुळे ‘आफ्को अप्रूव्ह्ड’ असा शिक्का दिसला तर ते लिहिणाऱ्यालाच विषय कळलेला नाही, किंवा तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. ‘डब्ल्यूएसएव्हीए मान्यताप्राप्त’ या दाव्याचंही तेच. जगभरातल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची ती संघटना कंपनीला कोणते प्रश्न विचारावेत याची यादी देते, प्रमाणपत्रं वाटत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक आहे. एफएसएसएआयचा कायदा माणसांच्या अन्नापुरता असल्यामुळे त्याचा परवाना क्रमांक बघून कुत्र्याच्या जेवणाबद्दल निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

आफ्कोचे दोन-चार आकडे पाठ असलेले बरे. पाणी वजा करून मोजलं तर प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी लागते; वाढीच्या वयात २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के चरबी. ‘पाणी वजा करून’ हे महत्त्वाचं, कारण पाकिटावरचे टक्के पाण्यासकट असतात. गोळ्यांवर २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के ओलावा लिहिलाय, तर कोरड्या भागात २४ भागिले ०.९०, म्हणजे सुमारे २६.७ टक्के. पाउचवर ८ टक्के प्रथिनं आणि ८३ टक्के ओलावा आहे; तिथे ८ भागिले ०.१७, म्हणजे ४७ टक्के. वरवर बघता पाउच गरीब वाटतो, प्रत्यक्षात उलट आहे. पण म्हणून पाउचवर पोट भरायला गेलात तर खिसा रिकामा होईल, ते पुढे कॅलरीच्या हिशेबात दिसेलच.

एक जागा अशी आहे जिथे हे आकडेही फसतात. ‘क्रूड प्रोटीन’ हे प्रत्यक्ष प्रथिन मोजून लिहिलेलं नसतं. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे त्या आकड्याला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलेलं निघालं ते याच कारणाने: मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रथिनं वाढलेली दिसत आणि जनावरांची मूत्रपिंडं निकामी होत. अशी भेसळ रोजची नाही, पण धडा रोजचा आहे. ३२ टक्के प्रथिनांचं पाकीट २६ टक्क्यांच्या पाकिटापेक्षा आपोआप चांगलं ठरत नाही. पचणारं किती, हे लेबलवर नसतंच. त्याचा अंदाज कुत्र्याच्या शीवरून येतो: बांधीव, उचलताना जमिनीला न चिकटणारी आणि खाल्लेल्याच्या मानाने कमी. ढीग मोठा, मऊ आणि दिवसातून चार-पाच वेळा असेल तर पैसे आतड्यातून सरळ बाहेर जात आहेत.

आता कॅल्शियम. या पूर्ण प्रश्नातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला विचाराल तर ते सिरप आहे.

मोठ्या जातींच्या पिलांना हाडं मजबूत होण्यासाठी कॅल्शियम द्यायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. पिल्लू विकणारा सांगतो, दुकानदार बाटली पुढे करतो, आणि कान उभे राहायला किंवा पाय सरळ व्हायला मदत होईल म्हणून आपण देतो. दूध-पोळी किंवा वरण-भातावर वाढणाऱ्या पिलाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं, त्यामुळे ही सवय अगदीच बिनबुडाची नाही. पण वाढीसाठीच्या पूर्ण खाद्यात ते मोजून घातलेलं असतं. प्रौढ कुत्र्याचं आतडं जास्तीचं कॅल्शियम बऱ्यापैकी बाहेर टाकतं; लहान पिलाला, साधारण सहा महिन्यांपर्यंत, ते नीट जमत नाही. जे दिलं ते रक्तात जातं. मग हाडांच्या टोकांची वाढ बिघडते, पाय वाकतात, सांधे दुखतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन या जातींत हा धोका जास्त, कारण त्या वेगाने आणि जास्त काळ वाढतात.

आफ्कोच्या हिशेबात वाढीच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान १.२ टक्के कॅल्शियम हवं. कमाल मर्यादा २.५ टक्के आहे, पण मोठ्या जातींच्या पिलांसाठी ती १.८ टक्क्यांवर आणली आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १:१ ते २:१ मध्ये बसायला हवं. आफ्कोच्या व्याख्येत ‘मोठी’ म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे ३२ किलो किंवा जास्त. लॅबची मादी त्या रेषेच्या जरा अलीकडेच राहील, तरी तिला मोठ्याच जातीत धरा. पाकिटावर ‘मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे का ते बघा. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेल्या पण ‘मोठ्या कुत्र्यांची वाढ वगळून’ अशी पुस्ती जोडलेल्या पाकिटात कॅल्शियम २.५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ती एक ओळ न वाचल्यामुळे चुकीचं पाकीट घरी येतं.

कॅल्शियमचा आकडा छापलेला नसेल तर ग्राहक सेवेच्या क्रमांकावर विचारा: ‘कमीत कमी’ किती हे नको, सरासरी किती असतं ते सांगा. जी कंपनी हे सांगत नाही तिचं खाद्य लॅबच्या पिलाला देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फोन केलाच आहे तर आणखी विचारून घ्या: खाद्याचं सूत्र कोणी बनवलं, त्या व्यक्तीचं पशुपोषणातलं शिक्षण काय, ती कंपनीत नोकरीला आहे की एकदा सल्ला देऊन गेली, कारखाना स्वतःचा आहे की दुसऱ्याकडून बनवून घेता, आणि प्रत्येक बॅच बुरशीच्या विषासाठी तपासता का. उत्तरांपेक्षा उत्तर द्यायची पद्धत जास्त सांगून जाते.

सिरपचा आणखी एक फटका आहे. पोळीतल्या गव्हात फायटेट असतं, ते जस्त धरून ठेवतं; वरून जास्तीचं कॅल्शियम आलं की जस्त आणखी कमी शोषलं जातं. वेगाने वाढणाऱ्या पिलाच्या तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, पंजांच्या गादीवर जाड खपल्या दिसू लागल्या तर पशुवैद्याला जस्ताच्या कमतरतेची शंका येते. घरचे मात्र खरूज समजून शांपू बदलत राहतात. तेव्हा पूर्ण खाद्य सुरू असेल तर सिरप बंद. पशुवैद्याने एखाद्या तपासणीनंतर मुद्दाम दिलं असेल तर आधी त्यांनाच विचारून मग बंद करा.

आता किती द्यायचं. इथे कॅल्क्युलेटर घ्या. कुत्र्याच्या वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला दिवसाला किती कॅलरी लागतात तो हा आकडा. १६ किलोसाठी गणित सुबक येतं: १६ चा घन ४०९६, वर्गमूळ ६४, पुन्हा वर्गमूळ ८, आठ साते छप्पन, म्हणजे ५६० कॅलरी. (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, पाकिटावर ‘केकॅल’ असतं ते.)

यापुढे दोघींचे रस्ते वेगळे. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला हा आकडा १.६ ने गुणतात: ८९६. घरातच लोळणारी, लिफ्टने खाली जाऊन दहा मिनिटांत वर येणारी असेल तर १.४ ने सुरुवात करा: ७८४. चार महिन्यांपुढच्या पिलाला २ ने गुणतात: ११२०. चार महिन्यांच्या आत तोच गुणक ३ असतो. लॅबचं वजन तिच्या पूर्ण वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की २ वरून हळूहळू खाली यायचं. हे सगळे सुरुवातीचे आकडे आहेत, शेवटचे नाहीत. दोन सारख्या कुत्र्यांतही गरजेत बराच फरक असतो.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतात तेव्हा काम सोपं. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर नसतात, मग काढाव्या लागतात. समजा प्रौढ खाद्यावर लिहिलंय: प्रथिनं २४, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०. राख (म्हणजे खनिजं) लिहिलेली नसेल तर ८ धरा. बेरीज ५८, उरलेले ४२ टक्के पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट ३.५ ने गुणायचं, चरबी ८.५ ने: ८४ अधिक १४७ अधिक १०२, एकूण ३३३ कॅलरी दर १०० ग्रॅमला. गावठीला ८९६ कॅलरी द्यायच्या तर २६९ ग्रॅम. ७८४ द्यायच्या तर २३५ ग्रॅम. पिलाच्या खाद्यात समजा प्रथिनं २८, चरबी १५, बाकी तेच. तिथे १०० ग्रॅमला ३४८ येतात आणि ११२० साठी सुमारे ३२० ग्रॅम लागतात, तीन वेळांत विभागून. पाउचचं गणित केलं तर ८ टक्के प्रथिनं, ३ टक्के चरबी आणि ८३ टक्के ओलावा असलेल्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ६० ते ६५ कॅलरी निघतात. ७० ग्रॅमच्या पाउचमध्ये ४५. गावठीचं पोट त्यावर भरायचं तर दिवसाला वीस पाउच लागतील!

पाकिटामागचा तक्ता या आकड्यांपेक्षा बरेचदा जास्तच सांगतो. तो सगळ्या प्रकारच्या कुत्र्यांसाठी छापलेला असतो, त्यात नसबंदी न झालेले आणि दिवसभर पळणारेही आले. तक्ता आणि तुमचं गणित यांत तफावत असेल तर कमी आकड्यापासून सुरुवात करा. आणि मोजायचं ते स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. वाटी किंवा मग घेतला की हात सैल सुटतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच वाटीने वेगवेगळं वाढतात. दिवसाचं खाद्य सकाळीच मोजून डब्यात काढून ठेवलं, तर आजोबांनी एकदा आणि मुलांनी एकदा असं दोनदा जेवण होत नाही.

काट्याचा एवढा आग्रह का, याला ठोस आधार आहे, आणि तो नेमका लॅब्राडोरचाच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडोरांच्या २४ जोड्या लावून जन्मभर निरीक्षण केलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य, खाद्य तेच. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे १३ वर्षांपलीकडे जगले, दुसऱ्या गटातले निम्मे ११.२ वर्षांपलीकडे. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा आली. कोणत्याही महागड्या पाकिटाने एवढा फरक पडल्याचं मला माहीत नाही. लॅबचं पिल्लू गुबगुबीत दिसलं की पाहुणे कौतुक करतात. ते कौतुक तिच्या कमरेच्या सांध्याला महाग पडतं.

शरीर बघायची पद्धत सोपी आहे. हाताची मूठ करा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं बारीक आहे. मूठ उघडून तळव्याच्या मांसल भागावरून बोटं फिरवा. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर जाड. हात सरळ पसरून मागच्या बाजूवरून फिरवल्यावर हाडं हलकी जाणवतात, तसं हवं. वरून बघताना बरगड्यांमागे कंबर दिसावी आणि बाजूने बघताना पोट मागे वर चढलेलं असावं. पशुवैद्य हेच ९ गुणांच्या मापावर मोजतात. ४ किंवा ५ चांगलं, त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्तीचं वजन. दर पंधरा दिवसांनी हात फिरवा आणि त्याप्रमाणे १० टक्के वर-खाली करा.

आता दूध-पोळी. तेल-तूप न लावलेल्या मध्यम पोळीत शंभरच्या आसपास कॅलरी असतात. पूर्ण खाद्याशिवायचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवायचं, ही मर्यादा. गावठीसाठी ती ८० ते ९० कॅलरी, म्हणजे एक पोळीसुद्धा पूर्ण नाही. तुम्ही तीन पोळ्या देत असाल तर तिची एक तृतीयांश कमाई पोळीतून होते आहे. मग पाकिटातलं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे वाक्य तिच्यापुरतं लागू राहत नाही, कारण मोजून घातलेलं जस्त, तांबं, जीवनसत्त्वं सगळं पोळीने पातळ झालं. घरचं खाऊ घालणं वाईट नाही. पण अर्धं घरचं करायचं तर त्या अर्ध्याचंही सूत्र पशुपोषण जाणणाऱ्याकडून करून घ्यावं लागतं. अर्धं पाकीट आणि अर्धा अंदाज हा सगळ्यात गैरसोयीचा मार्ग. दुधाने जुलाब होत नसतील तर दोन चमचे चालतं, त्याच्या कॅलरी धरायच्या. चघळायच्या कांड्या आणि बिस्किटंही याच १० टक्क्यांत मोजायची, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. आणि गोळ्यांवर कालच्या भाजीचा रस्सा ओतू नका. कांदा-लसूण शिजवल्यानेही निरुपद्रवी होत नाहीत.

घटकांच्या यादीबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात आणि ती सगळ्यात कमी सांगते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन घालतानाचं. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे ते पहिल्या क्रमांकावर येतं. गोळी भाजून-वाळवून झाल्यावर त्याचा वाटा बराच घसरतो. ‘चिकन मील’ मात्र आधीच वाळवलेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर असूनही ते जास्त प्रथिनं देत असेल. उलट चलाखीही असते: मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा असे एकाच धान्याचे तीन तुकडे करून लिहिले की प्रत्येक खाली सरकतो आणि मांस वर दिसतं. ‘उपपदार्थ’ या शब्दाला घाबरण्याचं कारण नाही. त्यात काळीज, फुप्फुस, वजडी येते. मटणाच्या दुकानात वजडी वेगळी बांधून मागणारी मंडळी कुत्र्याच्या पाकिटावर तीच वाचून नाक मुरडतात, तेव्हा गंमत वाटते. हरकत घ्यायचीच तर नुसतं ‘मांस व मांसजन्य पदार्थ’ एवढ्यावर घ्या, कारण कोणत्या प्राण्याचं ते कळत नाही आणि दर बॅचला बदलू शकतं. ‘प्रीमियम’, ‘सुपर प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ हे शब्द वजा करून वाचा. त्यांना मोजता येईल असा अर्थ नाही.

नावातही मेख असते. आफ्कोच्या नियमात ‘चिकन डॉग फूड’ म्हणायला घातलेलं पाणी सोडून ९५ टक्के चिकन लागतं, ‘चिकन डिनर’ किंवा ‘चिकन आंत्रे’ला २५ टक्के पुरतं, ‘विथ चिकन’ला ३ टक्के, आणि ‘चिकन फ्लेवर’ला चव ओळखू येण्यापुरतं. भारतात बनलेल्या पाकिटावर हे नियम पाळलेच असतील असं धरू नका, पण आयात खाद्यावर एका शब्दाने किती फरक पडतो ते यावरून कळेल.

धान्य नसलेलं खाद्य घ्यायचं का? माझं उत्तर नाही, आणि लॅबसाठी तर नक्कीच नाही. गहू-तांदूळ-मका काढला तरी गोळी बांधायला पिष्ट लागतंच, मग वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा भरतात. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने अशा खाद्यांवर असलेल्या कुत्र्यांत हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. त्यात एरवी हा आजार सहसा न होणाऱ्या जातीही होत्या. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने ठोस नवी माहिती मिळेपर्यंत पुढचे तपशील जाहीर करणं थांबवलं. पण फायदा सिद्ध नसताना ही शंका विकत का घ्यायची? कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. पिष्ट पचवणारं एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

खाज सुटते म्हणून धान्य बंद करणाऱ्यांसाठी एवढंच: कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत वरच्या क्रमांकावर गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन येतात, गहू त्यांच्यामागे. शोधायची खरी पद्धत म्हणजे पशुवैद्याने दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनं बारीक तोडलेलं) किंवा कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं खाद्य निदान आठ आठवडे, बाकी एक कणही नाही. आणि त्याआधी गोचिड्या-पिसवा तपासा.

शाकाहारी पाकीट प्रौढ, निरोगी कुत्र्याला चालू शकतं, जर ते खरोखर पूर्ण असेल आणि पशुवैद्याचं लक्ष असेल. वाढत्या लॅबला मात्र देऊ नका.

भाव किलोवर बघू नका. २५० रुपये किलोचं ३३३ कॅलरींचं खाद्य १००० कॅलरींना ७५ रुपये पडतं. ४२० रुपये किलोचं ३९० कॅलरींचं १०८ रुपये. किलोला दुसरं ६८ टक्के महाग, पोटाला ४४ टक्के. दोन्ही पूर्ण असतील आणि शी व कातडी चांगली राहत असेल, तर स्वस्तातलं घेण्यात अपराधी वाटायचं कारण नाही. उरलेले पैसे लसीकरणाला आणि दातांना लागतात.

पाकिटाचा आकार मात्र भावावरून नव्हे, दिवसांवरून ठरवा. उघडलेलं पाकीट चार ते सहा आठवड्यांत संपायला हवं. गावठी रोज २५० ग्रॅम खात असेल तर १० किलोचं ४० दिवस पुरेल, २० किलोचं ८० दिवस. मोठं घेऊन किलोमागे वाचवलेले रुपये शेवटच्या महिन्यात खवट गोळ्यांत जातात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ३ किलोच्या वर जाऊ नका. गोळीवर चरबीचा मुलामा असतो, तो हवा आणि दमटपणाने खवट होतो, जीवनसत्त्वंही उतरतात. ‘मिक्स्ड टोकोफेरॉल’सारखे नैसर्गिक संरक्षक असलेलं खाद्य कृत्रिमपेक्षा लवकर खराब होतं, तेव्हा त्याची उत्पादन तारीख आणखी ताजी बघा.

सुटे, गोणीतून किलोवर मिळणारे दाणे घेऊच नका. त्याला बॅच क्रमांक नाही, तारीख नाही, आणि ती गोणी केव्हापासून उघडी आहे ते कोणी सांगणार नाही. मक्यात वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पूर्ण जात नाही, यकृतावर हल्ला करतं आणि डोळ्यांना बुरशी न दिसताही असू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत याच विषामुळे मोठ्या प्रमाणावर खाद्य परत मागवावं लागलं, कित्येक कुत्री दगावली. तिथे बॅच क्रमांकावरून माल शोधता आला. सुट्या दाण्यांत तीही सोय नाही.

घरी आणल्यावर गोळ्या डब्यात ओतू नका, अख्खं पाकीटच डब्यात ठेवा. आतली बाजू चरबी धरून ठेवायला बनवलेली असते, शिवाय बॅच क्रमांक हाताशी राहतो. प्लास्टिकच्या डब्यात ओतत राहिलात तर तळाशी जुनी चरबी आणि किडे साठतात आणि नव्या मालाला लागतात. ओतायचंच तर डबा दर वेळी साबणाने धुऊन, उन्हात कोरडा करून. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या थाळीत ठेवा, लक्ष्मणरेषा आसपास ओढू नका. कुबट वास आला, गोळ्या एकमेकींना चिकटल्या किंवा नेहमी हावरट असलेली लॅब अचानक वास घेऊन मागे सरली, तर उरलेलं टाकून द्या. कावीळ, उलट्या, सुस्ती दिसली तर पाकीट फेकू नका. ते घेऊन दवाखान्यात जा.

बदल करताना पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पुढचे दोन अर्धं, मग दोन पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. शी सैल झाली तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबा. दोघींची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि वीस मिनिटांनी उचला. नाहीतर लॅब स्वतःचं संपवून गावठीचं प्रौढ खाद्य फस्त करेल आणि तुमचं सगळं गणित तिच्या पोटात जाईल. लॅबचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. काटा लहान असेल तर तिला उचलून आधी दोघांचं मिळून आणि मग तुमचं एकट्याचं वजन करा. ती २० किलोची होईल तेव्हा घन, दोन वर्गमुळं, गुणिले ७०, हे पुन्हा करायचं. त्या दिवशीचा आकडा ६६२ येईल.